इराणची क्रांती : तेल, सैन्य आणि अमेरिका पाठीशी असूनही शहाची राजवट वर्षभरात कशी कोसळली?

१६ जानेवारी १९७९. तेहरानच्या मेहराबाद विमानतळावरून इराणचे शहा मोहम्मद रझा पहलवी आणि राणी फराह देशाबाहेर निघाले. अधिकृतपणे सांगण्यात आलं की शहा विश्रांतीसाठी जात आहेत. पण तेहरानमध्ये कुणाचाच त्यावर विश्वास नव्हता. दुपारच्या पेपरात भल्यामोठ्या अक्षरांत दोनच शब्द छापून आले, 'शाह रफ्त'. म्हणजे शहा गेला.

लोक रस्त्यावर उतरले. मिठाई वाटली गेली, गाड्यांचे हॉर्न वाजत राहिले, चौकाचौकातले शहाचे पुतळे दोरखंड लावून पाडण्यात आले. शहा पुन्हा कधीच इराणला परतले नाहीत.

आता जरा वर्षभर मागे जा. याच शहाकडे सुमारे चार लाखांचं सैन्य होतं. अमेरिकेने एफ-१४ हे लढाऊ विमान आपल्या नौदलाव्यतिरिक्त फक्त इराणला विकलं होतं. तेलाचा पैसा धो धो येत होता. ३१ डिसेंबर १९७७ च्या रात्री तेहरानमधल्या मेजवानीत अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी इराणला अशांत भागातलं स्थैर्याचं बेट म्हटलं होतं. त्यानंतर नऊ दिवसांत पहिली गोळी चाललीही.

मग असं काय झालं की तेरा महिन्यांत ही राजवट पत्त्याच्या बंगल्यासारखी कोसळली? आणि ज्यांनी ती पाडली, त्यातल्या अनेकांच्या हाती शेवटी काहीच का लागलं नाही? सुरुवातीपासून बघू.

पहलवी घराणं आलं कुठून?

शहा स्वतःला अडीच हजार वर्षांच्या राजपरंपरेचे वारसदार म्हणवून घ्यायचे. पण त्यांचं घराणं मात्र अगदी नवीन होतं. त्यांचे वडील रझा खान हे सैन्यातले अधिकारी. १९२१ मध्ये त्यांनी बंड करून सत्ता हातात घेतली, १९२५ मध्ये जुन्या काजार घराण्याला बाजूला केलं आणि स्वतः शहा झाले.

रझा शहांनी रेल्वे बांधली, शाळा आणि तेहरान विद्यापीठ काढलं, मुल्ला-मौलवींकडची न्यायालयं सरकारी ताब्यात घेतली. १९३६ मध्ये तर बायकांच्या बुरख्यावर बंदी घालून पोलिसांकरवी रस्त्यात तो उतरवायला लावला. देश बदलला, पण तो दंडुक्याच्या जोरावर. १९०६ सालीच इराणी लोकांनी आंदोलन करून राज्यघटना आणि संसद मिळवली होती. ती कागदावर राहिली, राज्य एका माणसाचं झालं.

दुसऱ्या महायुद्धात रझा शहा जर्मनीकडे झुकतायत असं म्हणत १९४१ मध्ये ब्रिटन आणि सोव्हिएत रशियाने इराणमध्ये फौजा घुसवल्या. रझा शहांना पायउतार व्हावं लागलं आणि त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा मोहम्मद रझा गादीवर आला. म्हणजे हा राजा परदेशी फौजांच्या सावलीत राजा झाला होता. हे लोक विसरले नाहीत.

१९५३ : खरी ठिणगी इथे पडली

इराणमध्ये १९०८ साली तेल सापडलं. पण ते काढणारी कंपनी ब्रिटिश, नफ्याचा मोठा वाटा ब्रिटिशांचा आणि अबादानच्या रिफायनरीत राबणारे कामगार इराणी, तेही झोपड्यांत राहणारे. ब्रिटिश सरकारला या कंपनीकडून कररूपाने मिळणारी रक्कम ही इराणला मिळणाऱ्या रकमेपेक्षा जास्त असायची.

१९५१ मध्ये संसदेने तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि मोहम्मद मोसादेघ पंतप्रधान झाले. ब्रिटनने इराणच्या तेलावर बहिष्कार टाकला, देश आर्थिक कोंडीत सापडला. अखेर ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिकेची सीआयए आणि ब्रिटनची गुप्तहेर यंत्रणा यांनी मिळून मोसादेघ यांचं सरकार उलथवलं. पहिला प्रयत्न फसला तेव्हा शहा घाबरून आधी बगदादला आणि तिथून रोमला पळून गेले होते. काही दिवसांत दुसरा प्रयत्न यशस्वी झाला आणि शहा परत आले.

मोसादेघ यांना तीन वर्षं तुरुंगात आणि मग मरेपर्यंत त्यांच्याच गावात नजरकैदेत ठेवण्यात आलं. सीआयएने आपला हात असल्याचं कागदोपत्री उघडपणे मान्य केलं ते थेट २०१३ मध्ये. इराणी माणसाला मात्र ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

याचे दोन परिणाम झाले. एक, शहा हा अमेरिकेचा माणूस हा शिक्का त्यांच्यावर कायमचा बसला. दोन, निवडणूक, संसद, कायदा या मार्गाने बदल घडवू पाहणाऱ्या लोकांचं पंख छाटून झालं. १९५७ मध्ये 'सावाक' ही गुप्त पोलीस यंत्रणा उभी राहिली. पक्ष, वर्तमानपत्रं, कामगार संघटना, विद्यापीठं, सगळीकडे तिचे कान होते आणि कैद्यांच्या छळासाठी तिचं नाव जगभर बदनाम झालं.

श्वेत क्रांती : वरून आलेली सुधारणा

शहांना देश आधुनिक करायचा होता, यात शंका नाही. जानेवारी १९६३ मध्ये त्यांनी 'श्वेत क्रांती' जाहीर केली. जमीनदारांच्या जमिनी कुळांना, जंगलांचं राष्ट्रीयीकरण, कामगारांना नफ्यात वाटा, खेड्यात शिकवायला जाणारं साक्षरता दल आणि स्त्रियांना मतदानाचा हक्क. सरकारी आकड्यांनुसार सार्वमतात ९९ टक्के लोकांनी होकार दिला.

यातल्या काही गोष्टींचा खरोखर फायदा झाला. शाळा वाढल्या, मुली विद्यापीठात जाऊ लागल्या, पुढे १९६७ च्या कायद्याने नवऱ्याच्या मनमानी तलाकला लगाम बसला. स्त्रिया न्यायाधीश आणि मंत्रीही झाल्या.

पण जमिनीचं गणित फसलं. अनेक कुळांना मिळालेले तुकडे इतके छोटे होते की त्यावर घर चालणं कठीण. ज्यांच्याकडे कुळाचाही हक्क नव्हता, त्या शेतमजुरांना काहीच मिळालं नाही. हे लोक शहराकडे निघाले. तेहरानची लोकसंख्या १९६६ मध्ये सुमारे २७ लाख होती, ती १९७६ मध्ये ४५ लाखांवर गेली. शहराच्या दक्षिणेला झोपडपट्ट्या पसरल्या. उत्तरेला डोंगराच्या बाजूला बंगले, पोहण्याचे तलाव आणि परदेशी गाड्या. एकाच शहरात दोन देश.

या नव्या शहरी गरिबाला आधार देणारं सरकारी काही नव्हतं. मशीद होती. तिथे ओळखी मिळायच्या, अडीनडीला पैसे मिळायचे, मयतीला माणसं यायची.

खोमेनी कोण होते?

रुहोल्ला खोमेनी हे कुम या धर्मनगरीतले वरिष्ठ शिया धर्मगुरू. त्यांचे आजोबा सय्यद अहमद हे मूळचे आपल्या उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी जिल्ह्यातल्या किंतूर गावचे. एकोणिसाव्या शतकात ते इराणला गेले आणि खोमेन या गावी स्थायिक झाले. त्यांच्या नावापुढे 'हिंदी' लागायचं. पुढे हाच धागा खोमेनींना परका ठरवण्यासाठी वापरला गेला, ते येईलच.

१९६३ मध्ये श्वेत क्रांतीविरोधात सगळ्यात मोठा आवाज खोमेनींचा होता. त्यांचा विरोध स्त्रियांच्या मतदानालाही होता, ही गोष्ट नंतर अनेकांनी सोयीस्करपणे विसरून टाकली. पण लोकांना भिडलं ते त्यांचं दुसरं म्हणणं, की हा राजा हुकूमशहा आहे आणि परदेशाचा अंकित आहे. जून १९६३ मध्ये त्यांना अटक झाली तेव्हा कुम, तेहरानसह अनेक शहरं पेटली. सैन्याने गोळ्या घालून ती शांत केली.

१९६४ मध्ये इराणमधल्या अमेरिकन लष्करी लोकांवर इराणी न्यायालयात खटला चालणार नाही असा कायदा झाला. खोमेनींनी त्यावर जाहीर तोफ डागली. नोव्हेंबर १९६४ मध्ये त्यांना देशाबाहेर काढण्यात आलं. आधी तुर्कस्तान, मग १९६५ पासून इराकमधलं नजफ. तिथेच त्यांनी १९७० मध्ये 'विलायत-ए-फकीह' ही मांडणी केली. साध्या भाषेत, इमामाच्या गैरहजेरीत राज्य धर्मशास्त्राच्या जाणकाराने चालवावं. इराणमधल्या फार थोड्या लोकांनी हे तेव्हा वाचलं होतं.

पैसा आला आणि बिघडलं

ऑक्टोबर १९७१ मध्ये शहांनी पर्सेपोलिसच्या प्राचीन अवशेषांजवळ इराणी राजेशाहीच्या २५०० वर्षांचा सोहळा केला. वाळवंटात तंबूंचं आलिशान शहर उभं राहिलं. जेवण पॅरिसच्या 'मॅक्सिम्स'मधून आलं. देशोदेशीचे राजे आणि राष्ट्रप्रमुख आले. त्याच देशात अनेक खेड्यांत पिण्याचं पाणी नव्हतं. खोमेनींना नजफमध्ये बसून वेगळं काही बोलायची गरजच राहिली नाही.

मग आलं १९७३. अरब-इस्राएल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले. शहांनी पंचवार्षिक योजनेचा खर्च एका फटक्यात वाढवला. तज्ज्ञ सांगत होते की इतका पैसा पचवायला बंदरं, रस्ते, वीज पुरेशी नाही. ऐकलं नाही. बंदरांबाहेर जहाजं माल उतरवायला ताटकळत राहिली, घरभाडी गगनाला भिडली, महागाई भडकली.

महागाईचं खापर सरकारने व्यापाऱ्यांवर फोडलं. १९७५ मध्ये 'नफेखोरीविरोधी' मोहीम सुरू झाली. विद्यार्थ्यांच्या टोळ्या दुकानांत शिरून भाव तपासू लागल्या, हजारो दुकानदारांना दंड झाला, कित्येक जण तुरुंगात गेले. इराणचा 'बाजार' म्हणजे नुसती दुकानं नाहीत. पिढ्यानपिढ्यांचे घाऊक व्यापारी, सावकार, कारागीर यांचं ते जाळं, आणि मशिदी-मदरशांना पैसा तिथूनच जायचा. हा वर्ग राजकारणापासून लांब राहू शकला असता. सरकारने स्वतः त्याला विरोधकांच्या दारात नेऊन सोडलं.

त्याच वर्षी शहांनी सगळे पक्ष गुंडाळून 'रस्ताखीझ' हा एकच पक्ष ठेवला. ज्यांना त्यात यायचं नसेल त्यांनी पासपोर्ट घेऊन देश सोडावा, असं त्यांनी सुनावलं. १९७६ मध्ये तर कॅलेंडरच बदललं. इस्लामी हिजरतीपासून मोजलेलं १३५५ हे वर्ष एका रात्रीत राजेशाहीपासून मोजलेलं २५३५ झालं. श्रद्धाळू माणसाला हा सरळसरळ अपमान वाटला.

१९७७ मध्ये नवे पंतप्रधान जमशीद अमूझेगार यांनी महागाई रोखायला सरकारी खर्चाला कात्री लावली. बांधकामं थांबली आणि खेड्यातून आलेली हजारो तरुण पोरं बेकार झाली. ज्यांना वर्षानुवर्षं 'आणखी चांगले दिवस येणार' असं सांगितलं होतं, त्यांचे हातातले दिवसही गेले.

विरोधक एक नव्हते

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ही क्रांती फक्त मुल्लांची नव्हती. मोसादेघ यांच्या वारशातला 'नॅशनल फ्रंट', मेहदी बाझरगान यांच्यासारखे धार्मिक पण उदारमतवादी लोक, कम्युनिस्ट 'तुदेह' पक्ष, हातात शस्त्र घेतलेले डावे फिदाईन आणि इस्लामी-डावे मुजाहिदीन, लेखक, वकील, विद्यार्थी असे सगळे त्यात होते. अली शरियती यांच्या भाषणांनी तर शिकलेल्या तरुणांना शिया धर्मातच क्रांती दिसू लागली होती. ते जून १९७७ मध्ये इंग्लंडमध्ये वारले, क्रांती बघायला उरले नाहीत.

या सगळ्यांना शहा नको होता. नंतर काय हवं, यावर मात्र एकमत नव्हतं. तो प्रश्न पुढे ढकलला गेला.

कार्टर यांनी मानवाधिकारांचा मुद्दा लावून धरल्यावर १९७७ मध्ये शहांनी पकड थोडी सैल केली. वकील आणि लेखकांनी खुली पत्रं लिहिली. ऑक्टोबरमध्ये तेहरानच्या जर्मन सांस्कृतिक केंद्रात सलग दहा रात्री कवितावाचन झालं, हजारो लोक पावसातही बसून राहिले. लोकांना कळलं की आपण एकटे नाही आहोत.

एका लेखाने वणवा पेटला

७ जानेवारी १९७८ रोजी 'इत्तेलात' या मोठ्या दैनिकात टोपणनावाने एक लेख आला. त्यात खोमेनींवर चिखलफेक होती. ते परकीयांचे हस्तक आहेत आणि मुळात भारतीय आहेत, असा सूर होता. लेख सरकारकडून आला होता हे उघड होतं.

९ जानेवारीला कुममध्ये मदरशांचे विद्यार्थी निषेधाला उतरले. पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली.

आता पुढचं समजायला एक प्रथा माहीत हवी. आपल्याकडे जसं तेराव्याला महत्त्व, तसं शिया मुसलमानांमध्ये मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाला, म्हणजे चेहलमला. कुमच्या मृतांचा चाळिसावा १८ फेब्रुवारीला आला. तब्रीझ शहरात शोकसभेचं दंगलीत रूपांतर झालं. बँका, सिनेमागृहं, रस्ताखीझची कार्यालयं फोडली गेली, लष्कर बोलवावं लागलं आणि तिथे माणसं मेली. त्यांचा चाळिसावा मार्चच्या शेवटी. त्या वेळी यझदमध्ये गोळीबार झाला. त्यांचा चाळिसावा मे महिन्यात.

सरकार मोठी कोंडी अनुभवत होतं. सभाबंदी करता येते, पण मयतीला बंदी कशी घालणार? प्रत्येक गोळीबार चाळीस दिवसांनंतरच्या मोर्चाची तारीख ठरवून जात होता.

या काळात खोमेनींची भाषणं कॅसेटवर यायची. नजफहून फोनवरून किंवा यात्रेकरूंच्या सामानातून ती इराणमध्ये पोहोचायची, मशिदींत आणि बाजारात तिच्या प्रती निघायच्या. वर्तमानपत्रं, रेडिओ, टीव्ही सरकारच्या हातात होते. चाळीस रुपयांत मिळणारी वस्तू नसली तरी कॅसेट प्लेयर तेव्हा घरोघरी पोहोचला होता आणि त्यावर सेन्सॉर बसवता येत नव्हता.

सिनेमा रेक्स आणि काळा शुक्रवार

१९ ऑगस्ट १९७८ च्या रात्री अबादानमधल्या 'सिनेमा रेक्स' थिएटरला आग लावण्यात आली. दरवाजे बंद होते. सुमारे चारशे माणसं जळून मेली. लोकांनी एका क्षणात ठरवलं की हे सावाकचं काम. क्रांतीनंतर चाललेल्या खटल्यात मात्र दोषी ठरला तो धार्मिक गटांशी संबंध असलेला एक तरुण. पण १९७८ च्या ऑगस्टमध्ये सरकारच्या खुलाशावर विश्वास ठेवणारं कुणी उरलं नव्हतं. राजवटीने पंचवीस वर्षं खोटं बोलून आपली पत इतकी घालवली होती की आता तिचं खरंही कुणी ऐकेना.

शहांनी पंतप्रधान बदलला. जाफर शरीफ-इमामी आले. त्यांनी जुनं कॅलेंडर परत आणलं, जुगाराचे अड्डे बंद केले. ४ सप्टेंबरला ईदच्या नमाजानंतर तेहरानमध्ये लाखोंचा शांततापूर्ण मोर्चा निघाला. घाबरून सरकारने लष्करी कायदा लावला, पण तो जाहीर केला ८ सप्टेंबरच्या पहाटे. बऱ्याच लोकांना कळलंच नाही. त्या शुक्रवारी सकाळी झाले चौकात जमलेल्या गर्दीवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या.

किती मेले? सरकार म्हणालं ऐंशीच्या वर, विरोधक म्हणाले हजारो. क्रांतीनंतर इराणमध्येच झालेल्या मोजणीत त्या दिवशीच्या तेहरानमधल्या मृतांचा आकडा शंभराच्या आत निघाला. पण त्या दिवशी लोकांनी हजारोंचाच आकडा खरा मानला. 'काळ्या शुक्रवार'नंतर शहांशी तडजोड करा असं म्हणणाऱ्या नेमस्त मंडळींना तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

राजवटीचा गळा आवळला तो संपाने

मोर्च्यांनी राजवट हादरली, पण तिचा श्वास कोंडला कामगारांनी. सप्टेंबरमध्ये तेहरानच्या रिफायनरीतून संप सुरू झाला. ऑक्टोबरपर्यंत तेलक्षेत्रं, पोस्ट, रेल्वे, रुग्णालयं, सरकारी कचेऱ्या, शाळा, वर्तमानपत्रं सगळीकडे पसरला. कस्टमवाले औषधं आणि अन्नधान्य तेवढं सोडायचे. कोणी किती पैसा परदेशात हलवला याची यादी मध्यवर्ती बँकेच्या कर्मचाऱ्यांनी बाहेर काढली. वीज कामगार टीव्हीच्या बातम्यांच्या वेळी दिवे घालवायचे.

इराण दिवसाला साठ लाखांच्या आसपास बॅरल तेल काढायचा. वर्षअखेरीस उत्पादन इतकं घसरलं की देशातच रॉकेलसाठी रांगा लागल्या. ऐन हिवाळ्यात. सैन्याला रणगाड्याने मोर्चा अडवता येतो, पण तेलविहीर चालवता येत नाही.

संपकऱ्यांच्या घरी चूल कशी पेटायची? बाजारातले व्यापारी आणि मशिदी पैसे आणि धान्य पुरवत होत्या. १९७५ च्या दंडाची ही परतफेड होती.

पॅरिसजवळचं एक खेडं

शहांच्या सांगण्यावरून इराकने ऑक्टोबर १९७८ मध्ये खोमेनींना बाहेर काढलं. कुवेतने सीमेवरून परत पाठवलं. शेवटी ते पॅरिसजवळच्या नोफ्ल-ले-शातो या गावी गेले. शहांना वाटलं की म्हातारा आता लांब गेला. झालं उलटं. नजफमध्ये पत्रकार पोहोचत नव्हते, इथे जगभरचे कॅमेरे सफरचंदाच्या झाडाखाली येऊन बसले. तेहरानला फोन सहज लागत होता.

या मुलाखतींत खोमेनी स्वातंत्र्य, न्याय, स्त्रियांचे हक्क यांविषयी बोलत. धर्मगुरू स्वतः राज्य करणार नाहीत, असंही सांगत. विलायत-ए-फकीहचा उच्चार नसे. उदारमतवादी आणि डावे, दोघांनीही त्यात आपल्याला हवं ते ऐकलं.

इकडे ५ नोव्हेंबरला तेहरानमध्ये जाळपोळ झाली. दुसऱ्या दिवशी शहांनी लष्करी अधिकारी गुलाम रझा अझहारी यांना पंतप्रधान केलं, आणि त्याच दिवशी टीव्हीवर येऊन 'तुमच्या क्रांतीचा आवाज मी ऐकला' असंही म्हटलं. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात माफीनामा. लोकांना फक्त एवढंच दिसलं की राजा डगमगतोय. साडेबारा वर्षं पंतप्रधान राहिलेले आपले निष्ठावान अमीर अब्बास होवेदा यांनाच शहांनी लोकांना खूश करायला तुरुंगात टाकलं. ते पाहून बाकीच्या निष्ठावंतांनी काय धडा घेतला असेल, वेगळं सांगायला नको.

शहांच्या धरसोडीमागे एक कारण तेव्हा जगाला माहीत नव्हतं. १९७४ पासून त्यांना रक्ताचा कर्करोग होता आणि तो गुप्त ठेवण्यात आला होता.

१० आणि ११ डिसेंबरला मोहरमचे तासुआ आणि आशुरा आले. करबलाच्या मैदानात जुलमी यझीदपुढे मान न झुकवता इमाम हुसेन शहीद झाले, त्याच्या शोकाचे हे दिवस. यंदाचा यझीद कोण, हे सांगायची गरज नव्हती. देशभर लाखो-लाखो लोक चालले. साडेतीन कोटी लोकसंख्येच्या देशात दहातला एक माणूस रस्त्यावर होता, असा काही अभ्यासकांचा अंदाज आहे. मोर्चात चादर घेतलेल्या बायका होत्या आणि एरवी डोक्यावर काहीच न घेणाऱ्या, पण त्या दिवशी निषेध म्हणून चादर ओढलेल्या बायकाही होत्या.

शेवटचे तीन दिवस

जाता जाता शहांनी नॅशनल फ्रंटचे शापूर बख्तियार यांना पंतप्रधान केलं. बख्तियार यांनी सावाक बरखास्त करू, राजकीय कैदी सोडू, निवडणुका घेऊ असं जाहीर केलं. सहा महिन्यांपूर्वी हेच झालं असतं तर कदाचित इतिहास वेगळा झाला असता. आता त्यांच्या स्वतःच्या पक्षानेच त्यांना काढून टाकलं.

१ फेब्रुवारी १९७९ ला खोमेनी एअर फ्रान्सच्या विमानाने तेहरानला उतरले. चौदा वर्षांनी मायदेशी येताना काय वाटतंय, असं विमानात एका पत्रकाराने विचारलं. उत्तर मिळालं, 'हीची'. काहीच नाही. स्वागताला लाखोंचा जनसागर होता. खोमेनींनी बाझरगान यांना हंगामी पंतप्रधान नेमलं आणि देशात एकाच वेळी दोन सरकारं झाली.

प्रश्न उरला सैन्याचा. त्यातले बहुतेक सैनिक सक्तीच्या भरतीचे, गरीब घरांतले. महिनोन्‌महिने लोक त्यांच्या बंदुकांच्या नळीत फुलं खोचत होते, 'आमच्या भावाला मारू नकोस' म्हणत होते. सैनिक पळून जाऊ लागले होते. ९ फेब्रुवारीच्या रात्री तेहरानच्या हवाई तळावर हवाई दलाच्या तंत्रज्ञांची आणि शहाच्या खास रक्षक दलाची चकमक उडाली. लोक आणि सशस्त्र डावे गट तंत्रज्ञांच्या मदतीला धावले, शस्त्रागारं फुटली, पोलीस चौक्या पडल्या. ११ फेब्रुवारीला सेनापतींनी सैन्य तटस्थ राहील असं जाहीर केलं. पहलवी राजवट संपली. बख्तियार भूमिगत झाले आणि पुढे पॅरिसला पोहोचले. १९९१ मध्ये तिथेच त्यांचा खून झाला.

क्रांती जिंकली, पण कुणाची?

पहिला उत्तरार्थी प्रश्न बायकांनी विचारला. मार्च १९७९ च्या सुरुवातीला खोमेनींनी सरकारी कचेऱ्यांत स्त्रियांनी हिजाब घालावा असं म्हटलं. ८ मार्चला, महिला दिनी, हजारो स्त्रिया बर्फात मोर्चा घेऊन निघाल्या. यातल्या कित्येक जणी शहाविरोधातही चालल्या होत्या. त्यांच्यावर हल्ले झाले. सरकारने तात्पुरती माघार घेतली. बऱ्याच डाव्या आणि उदारमतवादी पुरुष नेत्यांनी 'आत्ता हा विषय नको' म्हणून हात वर केले. पुढे काही वर्षांत हिजाब कायद्याने सक्तीचा झाला. १९६७ चा कुटुंब कायदा त्याआधीच गुंडाळला होता, स्त्री न्यायाधीशांना खुर्ची सोडावी लागली होती.

३०-३१ मार्चच्या सार्वमतात एकच प्रश्न होता. इस्लामी प्रजासत्ताक, हो की नाही? ९८ टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं. ते नेमकं कसं असेल, हे मतपत्रिकेवर नव्हतं. राज्यघटनेच्या पहिल्या मसुद्यात विलायत-ए-फकीह नव्हतं. धर्मगुरूंचं बहुमत असलेल्या सभेने ते घातलं.

४ नोव्हेंबर १९७९ ला विद्यार्थ्यांनी अमेरिकन वकिलातीचा ताबा घेतला. कारण शहांना उपचारांसाठी अमेरिकेने आत घेतलं होतं आणि १९५३ ची आठवण ताजी होती. ५२ अमेरिकन ४४४ दिवस ओलीस राहिले. बाझरगान यांनी राजीनामा दिला. सप्टेंबर १९८० मध्ये सद्दाम हुसेनच्या इराकने हल्ला केला. युद्धाच्या नावाखाली उरलेले विरोधक एकेक करून चिरडले गेले. आधी मुजाहिदीन, मग १९८३ मध्ये खोमेनींना साथ देणारा तुदेह पक्षसुद्धा. होवेदा यांना एप्रिल १९७९ मध्येच गोळ्या घातल्या होत्या. शहा जुलै १९८० मध्ये कैरोत वारले.

क्रांतीत एकूण किती माणसं गेली? नव्या राज्यघटनेच्या प्रस्तावनेत साठ हजारांहून जास्त हुतात्मे म्हटलं आहे. हुतात्म्यांच्या कुटुंबांसाठी नेमलेल्या सरकारी संस्थेच्याच नोंदींवरून पुढे झालेल्या संशोधनात आकडा तीन हजारांच्या आत निघाला.

जमलं कशामुळे?

गरिबी आणि दडपशाही अनेक देशांत असते, प्रत्येक ठिकाणी क्रांती होत नाही. इराणमध्ये काही गोष्टी एकत्र आल्या. शहांनी पक्ष, संघटना, वर्तमानपत्रं मोडून काढली, पण मशीद मोडता आली नाही. त्यामुळे देशभर पसरलेलं एकमेव जाळं धर्मगुरूंच्या हातात राहिलं. बाजाराकडे पैसा होता, कामगारांकडे तेलाची चावी होती, मध्यमवर्गाकडे भाषा होती आणि खोमेनींकडे कधीही तडजोड न करण्याचा हट्ट होता. समोर आजारी, संशयी आणि दर महिन्याला धोरण बदलणारा राजा.

आणि याच यादीत पुढच्या निकालाचं उत्तरही आहे. शहा गेल्यावर गावोगावी माणसं, जागा आणि पैसा असलेलं जाळं एकाच गटाकडे होतं.

आपल्याशी काय संबंध?

मुंबई-पुण्याची इराणी हॉटेलं या क्रांतीमुळे आली असं काही जणांना वाटतं. तसं नाही. यझद आणि केरमान भागातले झरतुष्ट्री इराणी त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे येत होते. क्रांतीचा आपल्याला बसलेला फटका वेगळा. १९७९-८० मध्ये जगात तेलाचे भाव पुन्हा दुपटीहून जास्त वाढले आणि तेल आयात करणाऱ्या भारताला ते सोसावं लागलं.

सप्टेंबर २०२२ मध्ये हिजाब नीट घातला नाही म्हणून ताब्यात घेतलेल्या महसा अमिनी या तरुणीचा तेहरानमध्ये कोठडीत मृत्यू झाला आणि इराण पुन्हा पेटला. तिच्या चाळिसाव्याला साकेझ या तिच्या गावी हजारो लोक कब्रस्तानाकडे चालत गेले. रस्ते अडवले होते, म्हणून बरेच जण शेतातून गेले.